गुरुवारी चार वाजता

टाचण्या उपसायचं काम ओडेसा प्युरिफॉयला मिळालं ते चौऱ्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत. काम सोपं. खोकं उघडायचं, फाइल काढायची, कागदांना टोचलेली गंजकी टाचणी हाडाच्या चपट्या पट्टीने अलगद सोडवायची आणि काचेच्या बरणीत टाकायची. टण्. मग पुढची. टण्. दिवसभर तेवढंच. बिशप हाउसच्या त्या तळघरात खिडकी नव्हती. एक दिवा, एक लांब टेबल, घर गरम ठेवणाऱ्या भट्टीची घरघर, आणि भिंतीला लावून एकशे बारा खोकी. त्या खोक्यांत एक मेलेला माणूस कागदाकागदाने भरून ठेवला होता.

तो माणूस म्हणजे बिशप थॅडियस हॅलोवेल. नुसते वेदीपुढे उभे राहून हात वर करणाऱ्यांतले नव्हते ते. घरमालकाने कुणाचं सामान रस्त्यावर फेकलं, की बिशप त्या सामानावर जाऊन बसायचे. काळ्या पोरांना शाळेत घेत नव्हते तेव्हा शाळेच्या दारात उभे राहिले. मोर्चात कुणीतरी वीट मारली, गुडघा फुटला. तेव्हापासून काठी आली आणि उजवा पाय फरफटायला लागला. सरोवराकाठच्या त्या गावात त्यांची एक रीत लहान पोरालासुद्धा ठाऊक होती. पत्र कुणाचंही असो, त्यांच्या हातात पडलं की कोपऱ्यात हिरव्या पेन्सिलीची एक रेघ ओढायचे आणि उत्तर लिहायचे. उत्तरात एक ओळ ठरलेली: ‘गुरुवारी चार वाजता मी स्वतः येतो.’ आणि यायचे. बर्फ असो, चिखल असो. रबरी बूट फताक् फताक् वाजवत तीन तीन जिने चढून यायचे. मग उत्तराची कार्बन प्रत मूळ पत्राला टाचणीने टोचली जायची आणि पत्र बिचारं झोपी जायचं.

ओडेसाच्या घरी मात्र ते कधीच आले नाहीत. तेच तिचं दुखणं होतं.

एकाहत्तरच्या जानेवारीत तिचा धाकटा भाऊ लेमुएल पोलिसाला उलट बोलला म्हणून तीस दिवसांसाठी काउंटीच्या तुरुंगात गेला. तिथून त्याने बिशपना पत्र लिहिलं. भेटीला गेलेल्या ओडेसाच्या हातात ते चोरून दिलं, आणि ओडेसाने ते बर्फातून चालत नेऊन बिशप हाउसच्या दारात दिलं. आपल्या हाताने. दार उघडणाऱ्या माणसाने ते घेतलं आणि म्हणाला, “त्यांच्या हातात देतो.” बिशप आले नाहीत. पाचव्या दिवशी लेम मेला. तुरुंगवाले म्हणाले, न्यूमोनिया. ओडेसाने मग स्वतः एक पत्र लिहून त्याच दारात टाकलं. त्याचंही उत्तर नाही. दोनदा गेली, दोनदा दारातून परत पाठवली. तिसऱ्यांदा त्या पायरीवर थुंकली आणि घरी आली.

तिची आई मात्र वेगळंच धरून बसली. बिशप पत्र मिळाल्यावर आले नाहीत असं गावात कधी घडलंच नव्हतं. म्हणजे पत्र मिळालंच नाही. म्हणजे ओडेसाने दिलंच नाही. तुरुंगात जायच्या आदल्याच आठवड्यात लेमने ओडेसाचा रेडिओ कुणा मित्राला देऊन टाकला होता आणि त्यावरून बहीणभावाची जुंपली होती. आईला तेवढं पुरलं. तेरा वर्षं म्हातारीने पोटच्या पोरीला नावाने हाक मारली नव्हती. ‘ए बाई’ म्हणायची. ‘ए बाई, पाणी दे.’ आता ती त्र्याऐंशीची होती, डोळे गेलेले, छातीत घुर्र घुर्र. फार दिवस नव्हते. आणि ओडेसाला एकच गोष्ट हवी होती: ते पत्र. आई मरायच्या आत तिच्या हातात ठेवायचं आणि म्हणायचं, घे. दिलं होतं मी.

म्हणून बिशप वारल्यावर तिने त्याच घरात झाडूपोछ्याचं काम धरलं होतं. पण कागद कुलपात, आणि किल्ली फादर स्टॅनवुड यांच्या घड्याळाच्या साखळीला. हे फादर स्टॅनवुड बिशपचे वीस वर्षांचे चिटणीस. एकाहत्तरमध्ये दार उघडणारा माणूस तोच. ओडेसाने पहिल्या दिवशीच ओळखला. त्याने मात्र तिला ओळखलं नाही. असल्या लोकांना सगळ्या झाडूवाल्या बायकांचा चेहरा एकच दिसतो.

यंदा ते घर विकायचं ठरलं, कागद विद्यापीठाच्या दफ्तरखान्यात जायचे ठरले, आणि कुलूप निघालं. फादर दाराआडून कुणाला तरी म्हणाले ते तिने ऐकलं. “टाचण्यांना ओडेसाच बरी. तिला वाचता येत नाही.”

येत होतं. अलाबामात चार इयत्ता झाल्या होत्या, पाचवीत कापूस वेचणीने नेली. ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत वाचायची, पण वाचायची. तिने फादरना ते सांगितलं नाही. समोर केरसुणी उभी आहे असं माणसाला वाटू द्यावं, म्हणजे तो मोकळा बोलतो.

दफ्तरखान्याची मिस लुंड ही काटकुळी पोरगी सोमवारी आणि बुधवारी यायची. तिचे नियम देवळापेक्षा कडक. शाईचं पेन आणायचं नाही, साधी शिसपेन्सिल तेवढी. प्रत्येक फाइलचे कागद मोजून यादीत आकडा मांडलेला.

“मिसेस प्युरिफॉय, एकही कागद इकडचा तिकडे होता कामा नये. ज्या माणसाने जसे लावले तसेच ठेवायचे.”

“अगं पोरी, माझ्या नवऱ्याच्या मोज्यांचा खण मी अकरा वर्षं तसाच ठेवलाय. मला नको शिकवू.”

मिस लुंड हसली. मग बरणीकडे बघून म्हणाली, “टाचण्या कमी दिसतायत. बुधवारी गळ्यापर्यंत होती ना?”

होती. ओडेसानेही सकाळीच पाहिलं होतं. बरणी चांगली दोन बोटं उतरली होती.

“गंजक्या टाचण्या कोण चोरेल?”

“तेच म्हणते मी,” मिस लुंड म्हणाली आणि तिने तो विषय सोडला.

ओडेसाला सोडता येईना. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, ती एकटीच होती. टेबल पुसताना फडक्याला काहीतरी चिकटलं. लाकडाची बारीक, कुरळी साल. पेन्सिल तासल्यावर पडते तशी. तिने ती दिव्याखाली धरली. कडेला हिरवा रंग होता.

तिने ती साल तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिली. मग तिला वास आला. ओल्या लोकरीच्या कोटाचा, आणि त्यात बडीशेपेचा. खोकल्याच्या त्या काळ्या गोळ्या असतात ना, त्यांचा. तळघरात कोट नव्हता. भट्टी चालू होती, हवा कोरडी ठणठणीत होती, आणि तरी कुणीतरी बर्फातून येऊन नुकतंच खुर्चीत बसल्यासारखा तो वास टेबलापलीकडून येत होता. खुर्ची रिकामी. ओडेसा बोलली ती मोठ्यानेच. “कोण असेल त्याने पाय पुसून यावं. लादी मला पुसावी लागते.”

भट्टीची घरघर थांबली. तेवढ्यात, त्या एका क्षणाच्या शांततेत, खोक्यांच्या रांगेमागून आवाज आला. खर्र... खर्र... खर्र... पात्याने पेन्सिल तासल्याचा. सावकाश. घाई नसलेल्या माणसाचा.

मग भट्टी पुन्हा सुरू झाली.

जिन्यावर पावलं वाजली तशी ओडेसाने साल मुठीत दाबली; पण ते फादर स्टॅनवुड होते. सत्तरी उलटलेले, स्वच्छ, इस्त्रीचे, काळे चकचकीत बूट. ते थेट एक्याण्णव नंबरच्या खोक्याकडे गेले. त्यातून एक जाड फाइल काढून त्यांनी टेबलावर ठेवली. वर टाइप केलेलं होतं: ‘ऑर्गन-दुरुस्ती’.

“ओडेसा, ही भट्टीत टाक. जुन्या ऑर्गनची बिलं आहेत, कामाची नाहीत.”

“मिस लुंडच्या यादीत असेल ना, फादर. ती मोजते.”

“मिस लुंडचं मी बघतो. तू उघडू नकोस, उगाच धूळ उडेल. तशीच टाक.”

ते वर गेले. आता सांगा, धूळ उडेल म्हणून कधी कुणी झाडूवाल्या बाईला थांबवलंय? ओडेसाने फाइल उघडली.

बिलं नव्हती. पत्रं होती. वहीच्या पानांवर, पिशव्यांच्या पाठीवर, एक तर कापडाच्या तुकड्यावर. सगळ्यांच्या तारखा एकाच हिवाळ्यातल्या. एकाच्याही कोपऱ्यात... नाही. थांबा. सगळ्यांच्या कोपऱ्यात हिरवी रेघ होती. आणि प्रत्येक पत्राला, गंजक्या टाचणीने, कार्बनची प्रत टोचलेली होती. कागद पांढरा, गंज तेरा वर्षांचा. पण टाचणीचं भोक ताजं, कडेला गंजाचा डाग नसलेलं. तिने प्रतीवरून बोट फिरवलं. कार्बनची निळाई बोटाला लागली. ओली होती.

तिने तारीख वाचली. मागच्या आठवड्यातली.

 एकेक पान उलटत ती तळाकडे गेली. आणि मग तिला तो मासा दिसला.

लेम कुठलाही कागद हातात आला की कोपऱ्यात मिशीवाला मासा काढायचा. शाळेच्या पाटीवर काढायचा, भिंतीवर काढायचा, मार खायचा, पुन्हा काढायचा. इथेही काढला होता. जेलच्या खाकी पाकिटाच्या पाठीवर, बोथट पेन्सिलीने. ओडेसाने ओळीखाली बोट धरलं.

‘बिशपसाहेब, माझे बूट आणि मोजे काढून घेतलेत. जमिनीवर पाणी टाकतात आणि खिडकी उघडी ठेवतात. मला पायाची बोटं कळत नाहीत. आई म्हणते तुम्ही बोलावल्यावर येता. लवकर या.’

खाली टाचलेली प्रत होती. ‘प्रिय लेमुएल, तुझं पत्र आज माझ्या हाती आलं. गुरुवारी चार वाजता मी स्वतः येतो. पाय गुंडाळून ठेव.’

त्याच्यामागे तिचं स्वतःचं पत्र. तिच्या वेड्यावाकड्या अक्षरातलं. त्याला हिरवी रेघ होती, पण प्रत अजून टाचलेली नव्हती. आणि सगळ्यात शेवटी एक कागद नीट टाइप केलेला, बिशप हाउसच्याच जाड कागदावर. त्याला प्रत होती. ते पत्र कुणाचं ते बघून ओडेसाने फाइल मिटली, काखेत मारली आणि ती जिना चढली.

फादर वर आपल्या खोलीत चहा घेत होते. समोरच्या काचेच्या पेटीत बिशपचं टंकयंत्र ठेवलेलं, फीत काढलेलं, कळांवर धूळ. ओडेसाने दार न ठोकता फाइल त्यांच्या चहाशेजारी आपटली.

“मला वाचता येतं, फादर.”

त्यांनी फाइलकडे पाहिलं. मग तिच्या तोंडाकडे. पाच वर्षांत पहिल्यांदा.

“लेमुएलची मी बहीण. तुम्ही म्हणालात, त्यांच्या हातात देतो. आठवतंय?”

“त्या हिवाळ्यात...” त्यांनी कप खाली ठेवला, तो बशीवर वाजत राहिला. “त्यांचं हृदय... डॉक्टर म्हणाले होते, आणखी एक धक्का पुरे. आणि रोज दहा पत्रं, रोज कुणाचा तरी मुलगा. काळ्या पोरांना शाळेत घेण्याचा करार शेरिफच्या एका शब्दावर अडला होता. त्याच शेरिफच्या तुरुंगाविरुद्ध मी त्यांना कसं पाठवणार होतो? मी काही पत्रं... बाजूला ठेवली. एक्केचाळीस. मी त्यांना वाचवत होतो, ओडेसा.”

“वाचले की. आठ वर्षं जगले. माझा लेम चार दिवस जगला.”

फादरनी वाजणारा कप हाताने दाबून धरला.

“आणि तेव्हाच का नाही जाळलीत?”

“बिशपच्या घरचा कागद आम्ही... जाळत नाही.”

“बरोबर. जाळायला झाडूवालीला बोलावता.” ती वाकली. “ते राहू द्या. ही उत्तरं कुणी टाइप केली?”

“कसली उत्तरं? उत्तरं नाहीतच. म्हणून तर...”

तिने फाइल उघडून त्यांच्याकडे वळवली. फादर वाचायला लागले. पहिलं पान, दुसरं, तिसरं. चौथ्या पानावर त्यांनी बोट प्रतीवरून फिरवलं, आणि बोटाची निळाई ते रक्त असल्यासारखी बघत राहिले.

“शेवटचं पान बघा,” ओडेसा म्हणाली. “तुमचंच आहे.”

त्यांना ठाऊक होतं. बिशप अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांनीच ते लिहिलं होतं. सगळं कबूल केलं होतं त्यात, आणि मग धीर झाला नाही म्हणून त्याच फाइलमध्ये घातलं होतं. पत्र नेऊन देण्याची हिंमत नव्हती आणि फाडण्याचीही नव्हती. अशी ही माणसं. आता त्याच्या कोपऱ्यात हिरवी रेघ होती. खाली प्रत. त्यांनी मोठ्याने वाचलं नाही, पण ओडेसाने आधीच वाचलेलं होतं. इतरांना चार ओळी होत्या. त्यांना एकच होती.

फादरनी विचारलं, अगदी हळू, “आज वार कोणता?”

“मंगळवार.”

लेमचं पत्र आणि त्याची प्रत तिने टाचणीसकट काढून घेतली. यादी गेली खड्ड्यात. कोटाच्या आत, छातीशी धरून ती घरी आली. चूल पेटवून चवळी शिजत ठेवली, आईला उशी लावून बसवलं आणि पत्र तिच्या हातात दिलं. म्हातारीला दिसत नव्हतं. पण लेमने पेन्सिल दाबून काढलेला मासा बोटांना लागला. ती त्या माशावरून बोट फिरवत राहिली. मिशा, शेपूट, पुन्हा मिशा.

“वाच.”

ओडेसाने वाचलं. एकदा, मग पुन्हा.

“बूट काढून घेतले,” म्हातारी म्हणाली. “मोजेही?”

“मोजेही.”

“आणि बिशप काय म्हणाले?”

ओडेसाने प्रत दिव्याकडे धरली. मग तिने तेही वाचलं. तारीख सोडून.

“मग गेले असतील,” आई म्हणाली. “म्हणाले की जातात ते. उशीर झाला असेल, पण गेले असतील.” मग तिने हात पुढे केला, पोरीचं मनगट चाचपून घट्ट धरलं. “ओडेसा, चवळी लागली बघ खाली. वास येतोय.”

तेरा वर्षांनी. ओडेसा चुलीपाशी पाठ करून उभी राहिली आणि करपलेली चवळी ढवळत राहिली, ढवळत राहिली.

इथेच संपलं असतं तर बरं होतं.

गुरुवारी साडेतीनला फादर स्टॅनवुड तळघरात आले. अंगात कोट, दाढी गुळगुळीत, पायांत तेच चकचकीत बूट. ते टेबलापाशी खुर्चीत बसले आणि हात मांडीवर ठेवले.

“गावातून निघून जाता आलं असतं तुम्हाला,” ओडेसा म्हणाली.

“मी बसस्टँडवर गेलो होतो. काल. तिकीटही काढलं. गाडीत माझ्या शेजारची जागा रिकामी होती... आणि ओली होती.” त्यांनी वर पाहिलं. “तू थांबशील?”

तिला आठवला तो दरवाजा, ती पायरी, ते बर्फ. “माझा भाऊ एकटा होता,” ती म्हणाली आणि बादली उचलून वर निघून गेली.

पण जिन्याच्या वरच्या पायरीवर तिचे पाय थांबले. तळघरात जायला तो एकच जिना, एकच दार, आणि त्या दारात ती उभी. चर्चच्या घड्याळाने चार टोले दिले. तिच्या शेजारून कुणी गेलं नाही. तरी खाली पावलं वाजली. खोक्यांच्या रांगेकडून. फताक्... आणि मागून ओढलेला पाय. काठीचा ठोका. फताक्... ठोका.

बडीशेपेचा वास जिन्यावर चढून आला.

बोलणं ऐकू आलं ते एकाच माणसाचं. फादरचं. शाळेत उभं केलेल्या पोरासारखा आवाज.

“हो... हो, वाचलं होतं मी. प्रत्येक...” मग बराच वेळ काही नाही. मग, “आत्ता? इथेच?” आणि मग, फार हळू, “बूट... काढू?”

चामड्याची नाडी सुटल्याचा आवाज. एक बूट. दुसरा.

“मोजेही?”

मग पाणी ओतल्याचा आवाज आला. भरपूर पाणी, एका दमात, लादीवर.

दिवा गेला नाही, किंकाळी आली नाही. तसं काहीच झालं नाही.  तेरा वर्षं तिने या माणसाचं वाईट चिंतलं होतं. झोपताना, उठताना, जेवताना. आता ते कुणीतरी तिच्या ओंजळीत आणून घातलं होतं, आणि ते इतकं गार होतं की धरवेना. ती धावतच खाली गेली.

खुर्ची रिकामी. बोटभर पाणी, इतकं थंड की तिच्या जोड्यांतून हाडाला लागलं. टेबलाखाली काळे बूट शेजारी शेजारी नीट ठेवलेले, त्यांत मोजे घडी करून. टेबलाजवळची लादी उंचवटा धरून होती, तिथे पाणी चढलं नव्हतं; त्या कोरड्या लादीवर अनवाणी पावलांचे ओले ठसे होते. ते खोक्यांच्या भिंतीकडे गेले होते. भिंतीपाशी संपले होते. परतीचे नव्हते.

पोलीस आले. म्हणाले, म्हातारा डोक्याने गेला, बर्फात अनवाणी निघून गेला. आठ दिवस सरोवराच्या बर्फाला भोकं पाडून काठ्या घालत होते. ओडेसाने सांगितलं, मी जिन्यावर होते, वर कुणी आलं नाही. त्यांनी लिहून घेतलं नाही. मिस लुंडने सोमवारी ट्रक आणला, एकशे बारा खोकी गेली, ऑर्गनची फाइलही गेली; ती खोक्यात परत कुणी ठेवली ते ओडेसाने विचारलं नाही. जाताना पोरगी म्हणाली, “बरणी पार रिकामी आहे, मिसेस प्युरिफॉय. एक टाचणी उरली नाही.”

“एक प्रत टाचायची बाकी होती,” ओडेसा म्हणाली. “लागली असेल.”

मंगळवारी टपाल आलं. रोजचाच टपालवाला, रोजच्यासारखाच थंडीला शिव्या घालत आला. दिव्याच्या बिलाखाली जाड कागदाचं एक पाकीट होतं.

आपण तेरा वर्षांपूर्वी काय लिहिलं होतं ते तिला पाठ होतं. ‘बिशपसाहेब, तुमचा निरोप नको. माझ्या दारात स्वतः या आणि माझ्या डोळ्याला डोळा द्या. आणि माझ्या हातून ज्याने पत्र घेतलं त्याला बरोबर घेऊन या.’

उत्तर तेवढंच लहान होतं. ‘प्रिय ओडेसा, गुरुवारी चार वाजता मी स्वतः येतो. एकटा येत नाही.’

तिने ते आईला वाचून दाखवायला नको होतं. पण चार इयत्ता शिकलेली बाई ओठ हलवल्याशिवाय वाचू शकत नाही, आणि आंधळ्या म्हातारीचे कान फार तिखट असतात. त्या क्षणापासून आईचा घुरघुरणारा श्वास मोकळा झाला. तिने भिंतीवरचं कॅलेंडर विचारलं, केस विंचरून घेतले. ट्रंकेतून लेमचे लोकरीचे मोजे काढायला लावले आणि ते चुलीवरच्या तारेवर गरम करत ठेवले.

गुरुवारी सकाळपासून बर्फ पडत होतं. ओडेसाने दाराची साखळी लावली, मग काढली, मग पुन्हा लावली. दोन खुर्च्या मांडल्या. तिसरी मांडायची की नाही, ते ठरेना.

चारला खालचं दार वाजलं.

फताक्... फरफट. ठोका. फताक्... पहिला जिना. आणि त्या पावलांच्या मागे आणखी दोन पावलं. बूट नसलेली. ओल्या, उघड्या पायांची, थप् थप्, एकेका पायरीवर थांबत येणारी.

“आला,” आई म्हणाली. तिने गरम मोजे छातीशी धरले होते. “अनवाणीच आलाय माझा लेम. दार उघड, ओडेसा.”

दुसरा जिना. ओडेसाने दाराला कान लावला. लेम जिना चढताना कठड्यावर बोटं वाजवायचा, लहानपणापासून, नेहमी. ती बोटांची वाट बघत राहिली. तिच्या डोळ्यांपुढे ते काळे बूट येत होते, शेजारी शेजारी ठेवलेले, आत घडी केलेले मोजे.

तिसरा जिना. बडीशेपेचा वास दाराच्या फटीतून आत आला. पावलं दारापुढे थांबली. दोघांची. कुणी ठोठावलं नाही. फक्त दाराखालून पाणी आत यायला लागलं, बारीक धार धरून, आणि तिच्या पायाच्या बोटांना लागलं.

बाहेर कठड्यावर काहीतरी वाजलं. एकदाच. बोट असेल. काठीही असेल.

“पोरी, पाय गारठलेत त्याचे,” आई म्हणाली. “उघड ना.”

ओडेसाने साखळीला हात घातला.